अकरा मिनिटं

मार्च संपता संपता धंतोलीतल्या आमच्या हॉलवर
तीन दिवस फ्रान्स येतो.
म्हणजे एक कापडी फलक, दोन पेट्या,
आणि मुद्दलवार साहेबांचा इस्त्रीचा कोट,
जो त्या उन्हात घालणं म्हणजे पैजच.

माझं काम कूलरचं.
सहा आहेत, सगळे भांडखोर.
आपल्याकडच्या सिनेमाला चालून जातात,
त्यात कोणी ना कोणी बोलतच असतं.
फ्रेंच सिनेमात मात्र बाई नासपती सोलते
आणि सोलतच राहते.
मग पहिल्या रांगेतून हात वर होतो:
धनराज, कूलर!
मी बंद करतो.
दोनशे माणसं घामात बसून
एका नासपतीचा आवाज ऐकतात.

सोळा वर्षं झाली. त्या भाषेतलं
एक अक्षर मला येत नाही.
खालच्या इंग्रजी ओळी वाचायला घेतो
तोवर निघून जातात,
न थांबणाऱ्या बसच्या पाटीसारख्या.
म्हणून मी चेहरे पाहतो.
चेहऱ्यांना घाई नसते.

यंदा मिहानच्या कारखान्यातले दोघे फ्रेंच आले होते,
कोपऱ्यात, लांब पाय कुठे ठेवावेत या पंचाइतीत.
आधी ते हसायचे, मग हॉल,
आणि सगळ्यात शेवटी मी,
उगाच मागे राहू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी, शेवटच्या खेळाला,
खालच्या ओळी गेल्या.
चित्र चालू, आवाज चालू, ओळी तेवढ्या नाहीत.
वर यंत्राच्या खोलीत धावपळ,
मागून कोणी ओरडलं, काय होऊन राहिलं बे?
आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं.
आता सगळे माझ्यासारखे.

तेव्हा बोकारे मॅडम उठल्या.
वय ब्याऐंशी, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट,
एके काळी अर्ध्या धरमपेठेला फ्रेंच शिकवलेलं,
त्यातले निम्मे आता कॅनडात.
त्यांनी पर्स खुर्चीवर ठेवली
आणि पडद्याकडे पाहतच सांगायला लागल्या,
पुस्तकातल्या मराठीत नाही, घरच्या:

तो म्हणते, गाडी सकाळची आहे.
ती म्हणते, शिदोरी बांधून ठेवली.
तो म्हणते, मले गाडीत भूक नाही लागत.
ती म्हणते, असू दे ना, वजन कितीक होते त्याचं.

फुटाणे खाणारा पोरगा खायचा थांबला.
साहेबांचा हात वर नव्हता,
तरी मी एकेक करून सगळे कूलर बंद केले.
पडद्यावर समुद्राकाठचं कुठलंसं स्टेशन,
पण तेवढा वेळ ते अजनीच होतं,
आणि ती म्हातारी आमच्यापैकीच
कोणाला तरी पोचवायला आलेली.

गाडी हलायच्या आधी म्हातारी एक वाक्य बोलली.
लहानसं.
मॅडम थांबल्या.
काय म्हणाली, मॅडम?
काय म्हणाली?

काही नाही, त्या म्हणाल्या,
दार लावून घे म्हणे.

पण ती दोघं तर उघड्या फलाटावर उभी होती,
आणि कोपऱ्यातल्या एका फ्रेंचाने
चष्मा काढून शर्टाच्या टोकाने
पुसायला घेतला होता, बराच वेळ.

मग ओळी परत आल्या.
टाळ्या वाजल्या, बहुतेक यंत्रासाठी.
अकरा मिनिटं, साहेब घड्याळ पाहून म्हणाले,
पुढच्या वर्षी हे चालणार नाही.

रात्री मॅडम पायरीवर ऑटोची वाट पाहत होत्या.
मी पाण्याची बाटली दिली.
विचारणार होतो, त्यांनी झाकण घट्ट लावून
बाटली परत केली, तेव्हा राहिलं.

ते वाक्य मला पाठ आहे,
जसं ऐकलं तसं, मधे जरासं नाकात.
सहाव्या कूलरचं पाणी काढताना
एकदा म्हणून पाहिलं, हळू.
मग हॉलचं दार ओढलं.
त्याची कडी पहिल्यांदा बसत नाही,
दोनदा ओढावं लागतं.